विज्ञानकथा, गुप्त तंत्रज्ञान आणि देवाच्या गोठण्याचं होकायंत्र

रत्नागिरी-राजापूरकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर फिरतोय. परग्रहवासीयांचं तंत्रज्ञान सरकारांच्या हाती आहे आणि लोकांच्या मनाची तयारी व्हावी म्हणून ते विज्ञानकथांमधून थोडंथोडं बाहेर सोडलं जातं, असा त्याचा दावा. पुरावे तीन: कथांमधलं पुढे खरं ठरलं, राजापूर तालुक्यातल्या देवाच्या गोठण्याच्या कातळशिल्पावर (उघड्या कातळात कोरलेल्या प्राचीन चित्रावर) होकायंत्र भरकटतं, आणि समुद्रावर दिव्यांची माळ सरकताना दिसते.

आधी कथा. विज्ञानकथालेखक आर्थर क्लार्कला दळणवळण उपग्रहांचं कुणीतरी आधी सांगितलं होतं, असं त्यात आहे. मुळात ती कथा नव्हतीच. ऑक्टोबर १९४५ मध्ये रेडिओ तंत्रज्ञांच्या मासिकात छापलेला तो लेख होता, आणि त्याच्याही आधी १९२८ मध्ये पोटोचनिक या अभियंत्याने भूस्थिर कक्षेबद्दल, म्हणजे जिथला उपग्रह जमिनीवरून एकाच जागी दिसतो त्या कक्षेबद्दल, लिहून ठेवलं होतं. पृथ्वी स्वतःभोवती २३ तास ५६ मिनिटांत फिरते. तेवढ्याच वेळात एक फेरी पुरी करणारी कक्षा केप्लरच्या तिसऱ्या नियमाने काढा, उंची ३५,७८६ किलोमीटर येते. अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रातलं हे गणित आहे.

दावेदारांना खरंच वजनदार उदाहरण हवं असेल तर ते १९४४ चं आहे. मार्च महिन्यात ‘अ‍ॅस्टाउंडिंग’ या अमेरिकन मासिकात क्लीव्ह कार्टमिलची युरेनियम-२३५ च्या बॉम्बवरची कथा आली. अमेरिकेच्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत तेव्हा अणुबॉम्बचं हेच काम अत्यंत गुप्तपणे चाललं होतं. साहजिकच गुप्तहेर संपादक जॉन कॅम्पबेलच्या दारात पोचले. चौकशीत निघालं काय, तर अणुविखंडनावरचं, युद्धकाळातली छपाईबंदी लागू होण्याआधीचं छापील साहित्य. ग्रंथालयात कुणीही वाचावं असं. कथेतल्या बॉम्बची रचनाही प्रत्यक्षातल्या बॉम्बशी जुळत नव्हती. जे छापलेलं होतं ते लेखकाला बरोबर कळलं, जे खरंच गुप्त होतं ते नाही.

जे खरोखर लपवलेलं असतं तिथे कल्पना कशी चुकते, तेही पाहा. रडारला न दिसणारं एफ-११७ विमान १९८१ मध्ये उडालं आणि १९८८ मध्ये जाहीर झालं. मधल्या काळात, १९८६ मध्ये, एका खेळणी कंपनीने अशा विमानाचं ‘एफ-१९’ नावाचं मॉडेल विकलं. त्याला गोलसर, गुळगुळीत बाक होते. खरं विमान निघालं सपाट पैलूंचं, पैलू पाडलेल्या हिऱ्यासारखं.

आपल्याकडे जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने पाठवली. कृष्णविवरांवरचं संशोधन तेव्हा नियतकालिकांत खुलेपणाने छापून येत होतं.

आता होकायंत्र. देवाच्या गोठण्याला ते भरकटतं, हे खरंच आहे, आणि ते नाकारू नये. पण आपला सडा, म्हणजे उघडा कातळमाथा, जांभ्याचा आहे आणि जांभ्यात लोहाची ऑक्साइडं ठासून भरलेली असतात. त्यातली काही चुंबकीय असतात. उघड्या कातळावर वीज पडली तर तेवढाच भाग जोरात चुंबकित होतो, हे भूविज्ञानात ओळखीचं आहे. स्वतः तपासायचं तर साधं तेलातलं होकायंत्र घ्या. मोबाईल, किल्ल्या, कोयता आणि मोटारसायकल चांगली दूर ठेवा. होकायंत्र आधी कातळावर टेकवा, मग गुडघ्याइतकं, मग छातीइतकं उचला आणि दर वेळी सुई किती अंश वळते ते लिहून घ्या. वर जाताना वळण झपाट्याने कमी झालं, तर चुंबकत्व पायाखालच्या दगडात आहे. मोबाईलच्या अ‍ॅपवर मोजणार असाल तर चुंबक असलेलं कव्हर आधी काढा, आणि फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवून सेन्सर जुळवून घ्या. बहुतेकांचं इथेच चुकतं. आपल्या भागात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास असतं. कातळापासून दूर उभं राहून तो आकडा येत नसेल, तर आधी फोनचाच संशय घ्या.

आणि कृपा करून शिल्पावर उभं राहून, चपला घासत हे करू नका. २०२२ पासून ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, आणि झिजलेली रेघ परत येत नाही.

दिव्यांची माळ स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेट सेवेची असते. एका रॉकेटमधून सोडलेले डझनावारी उपग्रह पहिले काही दिवस एका ओळीत फिरतात. सूर्य मावळल्यावर तासा-दीड तासात किंवा पहाटे दिसतात, कारण खाली अंधार असला तरी तेवढ्या उंचीवर ऊन असतं. काही मिनिटांत आकाश ओलांडतात आणि पृथ्वीच्या सावलीत शिरताच एकेक दिवा विझत जातो.

क्षितिजावर मात्र तासन्‌तास एकाच जागी पांढरा झगझगाट दिसत असेल, तर तो बहुधा एलईडी लावून मासेमारी करणाऱ्या नौकांचा असतो. या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली आहे. वेळ आणि दिशा टिपून मत्स्यव्यवसाय विभागाला कळवा.