‘घरं फोडू नका’ या प्रतिक्रियेला उत्तर

धुपणी, म्हणजे अंगावरून पांढरं जाणं, पुन्हा पुन्हा का होते, या माझ्या लेखाखाली (त्यात क्लॅमिडिया या शरीरसंबंधांतून लागणाऱ्या जंतुसंसर्गाबद्दलही होतं) तुम्ही लिहिलंत: ‘बाई, डॉक्टरकी तुमचं काम नाही. क्लॅमिडियाला अझिथ्रोमायसिन आता मागे पडलंय. निम्मा त्रास उष्णतेचाच असतो. आणि नवऱ्यांना गोळ्या घ्यायला लावून लोकांची घरं फोडू नका.’

अझिथ्रोमायसिनचं मान्य. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, २०२१ मध्ये सात दिवसांच्या डॉक्सिसायक्लिनला पहिली पसंती दिली, गरोदर बायका सोडून. लेखात तशी दुरुस्ती करते. उष्णतेवर मी वाद घालणार नाही.

पण घरं फोडू नका? दोन दिवस हे वाक्य डोक्यातून जात नाही. ज्या बाईला तुम्ही कधी पाहिलं नाही तिच्यावर असा आरोप करताना लेख तरी शेवटपर्यंत वाचायचा होता. आणि ‘बाई’ कुठल्या सुरात म्हटलंत ते कळतं मला. तो सूर मी नोकरीत रोज ऐकलाय.

अकरा वर्षं मी एका सरकारी रुग्णालयातल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये, म्हणजे लैंगिक आजारांच्या दवाखान्यात, समुपदेशक होते. तिथे द्यायचो ते राखाडी किट, म्हणजे गोळ्यांचं पाकीट: अझिथ्रोमायसिन १ ग्रॅम आणि सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅम. एक तिच्यासाठी, एक जोडीदारासाठी. एक जण वर्षात तीनदा आली. नवरा दर वेळी फाटकाबाहेर गाडीवर. ‘मला काही होत नाही, मी कशाला गोळ्या घेऊ?’ ती बरी व्हायची, घरी जायची आणि त्याच्याकडून पुन्हा लागण. वर ‘तूच कुठून तरी आणलंस’ म्हणून मार खायची. तिसऱ्या वेळी, तिला विचारून, मी फाटकापर्यंत गेले. दोघांनी एकाच दिवशी औषध घेतलं, सात दिवस संबंध टाळले. तीन महिन्यांनी फेरतपासणीला दोघं बरोबर आली. सांगा, यात कुणाचं घर फोडलं मी?

क्लॅमिडिया बहुतेक बायकांना जाणवतच नाही, कित्येक पुरुषांनाही नाही. तो महिनोन्महिने अंगात राहतो. त्यामुळे कुणी आणला, कधी आणला, हे रिपोर्ट सांगत नाही. नवरा-बायकोला हे मी सगळ्यात आधी सांगायचे, वेगवेगळं बसवून. लेखातही ते आहे, चौथ्या परिच्छेदात. तुम्ही तिथवर पोचलाच नाहीत.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही. पुन्हा लिहिणार असाल तर एवढंच लिहा: नवऱ्याला औषध न देता त्या बाईला चौथ्यांदा यावं लागू नये म्हणून तुम्ही काय केलं असतं?