जे थांबले ते ढोंगी नव्हते

पावसाळा तोंडावर आला की सांगलीत एक मेसेज फिरायला लागतो. यंदाही आला. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: २०१९ च्या महापुरात धावलेली पोरं आज कुठं आहेत? खरी तळमळ कधी आटत नाही, ज्यांची आटली त्यांचा तो दिखावाच होता. लग्न, नोकरी, पैसा आला की माणूस स्वार्थी होतो. खरे सेवक कर्मवीर भाऊराव पाटील अण्णांसारखे, जन्मभर न बदलणारे. तेव्हा असल्या हौशी पोरांच्या भरवशावर राहू नका.

आमच्या ग्रुपवर त्याखाली हात जोडल्याच्या खुणांची रांग लागली. मला मात्र तो मेसेज फार लागला, कारण त्या पोरांबरोबर मी होतो.

आधी दिखाव्याचं बघू. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे, त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. ओसरल्यावर गावभागातल्या घरांत गुडघाभर गाळ होता. कुजलेल्या धान्याचा वास आठवला तरी आजही जेवण जात नाही. आम्ही तीसेक जण होतो. पायांना चिखल्या झाल्या तरी पोरं आठ-आठ दिवस फावडं आणि घमेलं सोडत नव्हती. दिखाव्याला अर्धा तास आणि एक फोटो पुरतो. त्यासाठी परक्याच्या संडासातला गाळ कुणी उपसत नाही.

पुढं २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा ५४ फुटांच्या वर गेलं, तेव्हा तीसपैकी दहा-बाराच आले. हे खरं आहे आणि ते मी लपवणार नाही. पण मधल्या दोन वर्षांत काय झालं होतं? २०१९ ला कॉलेज, दुकान, ऑफिस सगळंच पाण्यात होतं, त्यामुळं प्रत्येकाचा दिवस मोकळा होता. २०२१ ला घरोघरी कोरोनाची धास्ती, म्हातारे आईबाप, कुणाची नोकरी गेलेली. चार-पाच जण पुण्याला गेलेले.

मोकळ्या वेळाचा हा मुद्दा किरकोळ वाटत असेल तर १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग सांगतो. डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमध्ये तो केला. धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीकडं बोलायला पाठवलं आणि वाटेत एक माणूस खोकत, कण्हत बसवून ठेवला. ज्यांना घाई नव्हती, त्यांतल्या ६३ टक्के जणांनी त्याला मदत केली. ‘उशीर झालाय, पळा’ असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांतल्या १० टक्क्यांनीच. काही जण तर वाटेत पडलेल्या जखमी माणसाला मदत करण्याच्या बायबलमधल्या गोष्टीवरच बोलायला निघाले होते, तरी त्यानं फारसा फरक पडला नाही. एवढ्यावरून या मुलांची श्रद्धा खोटी ठरवायची का?

वेळेइतकीच संगत महत्त्वाची, माझ्या मते वेळेपेक्षाही जास्त. गल्लीत शेजारचा फावडं घेऊन निघाला की आपण घरात बसूच शकत नाही. तोच माणूस पुण्यातल्या सोसायटीत राहायला गेला की त्याला तशी हाक मारणारं कुणी नसतं. काही वर्षांनी त्याला तेच सवयीचं होतं. मन असं हळूहळू सरकतं, त्याचं त्यालाही कळत नाही.

लग्नानं माणूस स्वार्थी होतो, हे सातारा-सांगलीत बसून कुणी कसं म्हणू शकतं? अण्णांच्या वसतिगृहातल्या मुलांना जेवू घालायला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा दिलं. तो संसार नसता तर ते काम तगलं असतं का? लेकरं लहान असताना हात आखडतो, हे मान्य. पण वय वाढतं तसं चैनीचं आणि थराराचं महत्त्व कमी होतं आणि इतरांच्या भल्याचं वाढतं, असं अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसलेलं आहे.

आता ‘जन्मभर न बदलणारे’ अण्णा. त्यांनी आधी विम्याचं काम केलं, ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर खपवायला गावोगाव हिंडले. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते. म्हणजे तेही बदललेच, फक्त सेवेच्या दिशेनं. डॉ. नरेंद्र दाभोलकर मिरजेत शिकले, साताऱ्यात बरीच वर्षं दवाखाना चालवला आणि १९८९ मध्ये, चाळिशी उलटल्यावर, महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. क्रांतिसिंह नाना पाटील तर आधी तलाठी होते. माणूस विशीत दिसतो तोच कायमचा, असं धरलं असतं तर या तिघांनाही आपण मोडीत काढलं असतं. आणि अण्णांनी काम एकट्याच्या तळमळीवर सोडलं नाही. संस्था उभी केली, मुलं तिथं राबून शिकली आणि शिकून त्याच संस्थेत शिक्षक झाली.

राहिला शेवटचा सल्ला, पोरांच्या भरवशावर राहू नका हा. यानंच सगळ्यात जास्त नुकसान होतं. २०१३ मध्ये एकोणीस हजारांहून अधिक लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गेल्या दहा वर्षांत आपण बरेच बदललो हे लोक कबूल करतात, पण पुढच्या दहा वर्षांत फारसे बदलणार नाही असंच प्रत्येक वयात समजतात, असं त्यात दिसलं. आमचंही तेच झालं. पूर ओसरल्यावर ‘कधीही हाक मारा’ म्हणून घरी गेलो. कुणाचा नंबर लिहून घेतला नाही, कुणाला ठरलेलं काम दिलं नाही. ती चूक आम्हा मोठ्यांची होती.

मेसेज आला त्या रात्री आमच्यातला एक जण काही न बोलता ग्रुप सोडून गेला. त्याचं माधवनगरला दुचाकीचं गॅरेज आहे. घरी तीन वर्षांची मुलगी आणि डायलिसिसवरचे वडील. मी फोन केला तेव्हा बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, “काका, मला यायला जमत नाही, पण काम इथं आणून दिलं तर करतो की.” मंडळाच्या बोटीचं इंजिन दोन वर्षं बंद पडून आहे. शनिवारी ते त्याच्या गॅरेजवर पोचवायचं ठरलंय.