परदेशातून: धिंड काढली की अक्कल येते म्हणे

रविवारी सकाळी इथं इंग्लंडात, शेफिल्डला, कचऱ्याची बिन बाहेर ठेवून आलो आणि फोन बघितला तर घरच्या ग्रुपवर ११२ मेसेज. मला वाटलं कुणी गेलं की काय. तर नाही, तालुक्याच्या गावी विहिरीवरच्या केबल चोरणारी चार पोरं सापडली होती आणि त्यांना हात जोडायला लावून भर बाजारातून फिरवलं, त्याचा व्हिडिओ. खाली टाळ्या, आगीचे इमोजी, आणि आमच्या जिभाऊंचा मेसेज, "अशी धिंड काढली की अक्कल येते. कोर्टाच्या नादी लागलं की चोर म्हातारा होतो."

मी लिहिलं, जिभाऊ, गुन्हा अजून सिद्ध कुठे झालाय? झालं. चुलतभाऊ म्हणे, "साहेब उठले वाटतं शेफिल्डात." आणि जिभाऊंनी अहिराणीत हाणलं, "तुले काय समजस तठे बशीसन."

मला काय समजतं ते सांगतो. केळीला पाणी द्यायचंय, लाईट रात्री साडेबाराला येणार, माणूस बॅटरी घेऊन मळ्यात जातो, स्टार्टर दाबतो आणि मोटर गप्प. केबल कापलेली. खाली नाल्यात काळा डाग आणि जळक्या रबराचा वास, कारण तांबं सोडवायला तिथंच पेटवलेली असते. जिभाऊंची अशी तीनदा गेलीय. तक्रार द्यायला गेले तर साधा अर्ज ठेवून घेतला आणि वर विचारलं, "राखण का नाही ठेवली?" त्यामुळे त्यांचा राग मला कळतो. कोर्टाचं पण ते काही खोटं बोलत नाहीत, जळगावच्या घरकुल घोटाळ्याचा गुन्हा २००६ ला दाखल झाला आणि धुळ्याच्या कोर्टात निकाल लागला ऑगस्ट २०१९ ला, तेवढ्यात एक पोरगं जन्माला येऊन आठवीत जातं. २०२२ ची सरकारी आकडेवारी बघा, देशातल्या तुरुंगात चारातले तीन जण कच्चे कैदी, म्हणजे निकाल लागायचाच आहे आणि माणूस आत.

पण मग मला एक सांगा, त्या धिंडीत तांबं विकत घेणारा का नव्हता? पोरं काय तांबं खातात? कुणीतरी रात्री काटा लावून रोख पैसे मोजतो म्हणून ती मळ्यात उतरतात. इथं पण रेल्वेच्या केबल जायच्या, चर्चच्या छपराचं शिसं जायचं. २०१३ ला कायदा आला, भंगारवाल्याने रोख पैसे द्यायचेच नाहीत, लायसन्स पाहिजे, विकणाऱ्याचं ओळखपत्र बघून नोंद ठेवायची. चोऱ्या बऱ्याच कमी झाल्या. हे मी ग्रुपवर चांगलं पॉइंट पाडून लिहिलं. (त्याच काळात तांब्याचा भाव पण पडला होता, ते काही लिहिलं नाही.) एकाने अंगठा दाखवला, बाकी परत धिंडच.

मग मी राईनपाडा काढलं. काढायला नको होतं कदाचित, पण डोकं फिरलेलं. १ जुलै २०१८, आपल्याच साक्री तालुक्यात, बाजाराचा दिवस, सोलापूरकडचे डवरी गोसावी भिक्षा मागायला आलेले आणि मोबाईलवर फिरत होतं की पोरं पळवणारी टोळी आलीय. पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जीव जाईपर्यंत मारलं. त्यांची पण 'धिंड'च होती ना? त्यांना अक्कल आली का? बरोबर सहा वर्षांनी, १ जुलै २०२४ ला, नवीन न्यायसंहिता लागू झाली आणि झुंडीने केलेल्या खुनाला त्यात वेगळं पोटकलम मिळालं, तारीख जुळली हा योगायोग. ग्रुपवर दहा मिनिटं शांतता. मग पुतण्या, "काका ते वेगळं."

वेगळं कसं ते त्याने सांगितलं नाही. आणि मी पण एक सांगितलं नाही. दहावीत असताना गल्लीतल्या पोरांनी वस्तीवरचा एक पोरगा धरून आणला, केबल गेली होती म्हणून, निंबाला बांधला, आणि सगळ्यांनी मारली तशी मी पण एक कानफटात मारली. अंगात आमच्याच शाळेचा शर्ट होता त्याच्या. सोडल्यावर तो रडला वगैरे नाही, आधी चप्पल शोधायला लागला, एकच सापडली, ती हातात घेऊन गेला. केबल कुणी नेली ते आजपर्यंत कळलेलं नाही. त्या पोराचं नाव मला तेव्हाही माहीत नव्हतं.

इकडचं कौतुक मी नेहमी करतो, मग इकडचं पण ऐका. २०२४ चा जुलै संपता संपता साऊथपोर्टला तीन लहान मुलींचा खून झाला आणि फोनवर अफवा फिरली की मारणारा बोटीतून आलेला निर्वासित आहे. निघाला कार्डिफमध्ये जन्मलेला, पण तोवर दंगल पेटली होती. इथून अर्ध्या तासाच्या आत, रॉदरहॅमला, निर्वासित ठेवलेल्या हॉटेलला लोकांनी आग लावायचा प्रयत्न केला, आत माणसं असताना. त्या आठवड्यात बायको बसने कामावर गेली नाही. मी दुकानात दूध आणायला गेलो तर हुडी डोक्यावरून खाली ओढली, ऑगस्टमध्ये, १४ वर्षं कौन्सिल टॅक्स भरणारा माणूस.

कोर्टाचं मात्र मानलं, आठवड्या-दीड आठवड्यात लोकांना शिक्षा सुरू, कुणाला तीन वर्षं, कुणाला दोन, टीव्हीवर न्यायाधीश निकाल वाचताना दिसायचे. मी ते क्लिप ग्रुपवर टाकले होते, "याला म्हणतात न्याय." सप्टेंबरमध्ये तुरुंग भरले म्हणून शिक्षेतला ४० टक्के काळ भोगून झालेल्या कैद्यांना सोडायला लागले, ते नव्हतं टाकलं. क्राउन कोर्टात, म्हणजे मोठे गुन्हे चालतात तिथं, तेव्हा ७० हजारांवर केसेस पडून होत्या ते पण नाही. माझी इज्जत आहे ना तिथं काही, इंग्लंडवाला म्हणून.

आणि गेल्या महिन्यात माझी सायकल गेली. शेडचं कुलूप कापून, समोरच्याच्या डोअरबेल कॅमेऱ्यात माणूस दिसतोय, चालण्याची ढब दिसतेय. ऑनलाईन तक्रार केली, क्राईम रेफरन्स नंबर आला, दोन दिवसांनी ईमेल की तपास बंद. कुणी घरी आलं नाही. शेजारी म्हणाला, "इन्शुरन्स आहे ना?" आणि आत गेला. तो कॅमेऱ्यातला माणूस मी किती वेळा बघितला, आणि मनात त्याचं काय काय केलं ते इथं लिहिण्यासारखं नाही, निंबाचं झाड पण होतं त्यात.

हे ग्रुपवर नाही सांगितलं, फक्त जिभाऊंना फोनवर सांगितलं होतं. तर त्या सगळ्या भांडणानंतर रात्री त्यांचाच फोन. भांडणाचं नावच नाही. "सायकलनं काय व्हयनं रे भो?" मी म्हटलं काही नाही, नंबर दिलाय. ते हसले. म्हणाले इथं असतास तर गल्लीने रात्रीतून शोधून दिली असती.

मला ते ऐकून इतकं बरं वाटलं की मी परत धिंडीचा विषय काढलाच नाही. नवीन केबलचे किती झाले, तेवढं विचारलं.