ट्रान्झिस्टर करंट ‘तयार’ करत नाही

‘ट्रान्झिस्टर छोट्या करंटचा मोठा करंट बनवतो’ हे तुमच्या ट्रान्झिस्टरवरच्या लेखातलं वाक्य खटकलं. नळ फिरवल्यावर येणारं पाणी नळ बनवतो का? ते येतं खडकवासला धरणातून! तसंच कलेक्टरचा (ज्या पायातून मोठा करंट वाहतो त्याचा) करंट सप्लायमधून येतो; बेस (छोटा करंट घेणारा पाय) फक्त तोटी फिरवतो, तीही सुमारे ०.७ व्होल्ट मिळाल्यावर.

पाण्याच्या टाकीच्या अलार्मसाठी मी पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून, बीसी५४७ हा ट्रान्झिस्टर आणि १२ व्होल्टचा रिले (विजेवर चालणारा स्विच) आणला होता. ५ व्होल्टवरून बेसला १०० किलोओहमचा रेझिस्टर लावला, तर बेसला करंट फारच कमी मिळाला आणि रिले ढिम्म. दोन ट्रान्झिस्टर उगाच बदलले (दुकानदाराला शिव्या घातल्या त्या वेगळ्याच). शेवटी ४.७ किलोओहम लावला, बेसला जेमतेम १ मिलिअँपिअर मिळाला आणि रिले ‘टक्’ वाजला. स्विच म्हणून वापरताना ट्रान्झिस्टर पूर्ण सॅच्युरेट करावा लागतो, म्हणजे बेसला पुरेसा करंट देऊन तोटी पूर्ण उघडावी लागते, हे लेखात हवंच होतं.