पेगबोर्डच्या एका मिनिटावर माणूस ठरवू नका

कामगार निवडीवरच्या एका लेखात म्हटलंय की पर्ड्यू पेगबोर्डचा (भोकांच्या पाटीत पिना बसवायची चाचणी) स्कोअर बघूनच कामगाराला असेंब्लीवर, म्हणजे सुटे भाग जोडायच्या कामावर, घ्यावं. चाचणी वाईट नाही, १९४८ पासून उगाच टिकलेली नाही. पण ती मोजते काय? उजवा हात, डावा हात, मग दोन्ही, प्रत्येकी ३० सेकंद. शेवटी पिन, वॉशर, कॉलर, पुन्हा वॉशर असं मिनिटभर जोडकाम. म्हणजे बोटांची चपळाई. शिफ्टच्या शेवटच्या तासाला तोच माणूस स्क्रू तिरका बसवतो का, हे त्यात कुठून दिसणार? त्यात बरेच जण ती एकदाच घेऊन मोकळे होतात. तीनदा घेतली तर आकडा जास्त भरवशाचा मिळतो, हे लेखात यायलाच हवं होतं. आणि जाड बोटांच्या माणसाला बारीक पिना उचलणं जडच जातं. मोठे नट-बोल्ट आवळायच्या स्टेशनवर त्याचा काय संबंध? त्यापेक्षा खरे सुटे भाग आणि कामावरचाच टॉर्क ड्रायव्हर (ठरावीक जोराने स्क्रू आवळायचं हत्यार) हातात द्या. वेळ कसा उतरत जातो आणि रिवर्क, म्हणजे चुकल्यामुळे पुन्हा करावं लागणारं काम, किती निघतं, ते बघा. सुरुवातीला संथ असलेले काही जण नंतर भलतेच पुढे जातात. (आधी डोळे तपासून घ्या, ते बहुतेकदा राहूनच जातं.)