‘उपदेशाचे डोस’ आणि सातवा खर्डा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

विद्यापीठाच्या अर्जासाठी पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे अर्जदाराने स्वतःविषयी लिहायचे निवेदन, कसे लिहावे, या माझ्या लेखाखाली आपण काल रात्री दिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे : लेखातील माहिती जुनी आहे, सात-सात खर्डे करून घासूनपुसून काढलेले निवेदन विद्यार्थ्याचे उरत नाही, ते मार्गदर्शकाचे होते, ज्याला मार्गदर्शकच नाही त्याने काय करायचे, याचा लेखात पत्ता नाही, आणि ‘घरबसल्या उपदेशाचे डोस पाजणाऱ्यांनी स्वतः कधी अर्ज केला होता का???’ तीन प्रश्नचिन्हे आपली आहेत. एकाने भागले असते.

जुन्या माहितीचा मुद्दा मान्य. ब्रिटनमधील विद्यापीठांचे प्रवेशअर्ज हाताळणाऱ्या यूकास या संस्थेच्या अर्जात एकसलग निवेदन लिहावे लागते, असे मी म्हटले होते. २०२६ च्या प्रवेशांपासून ती पद्धत बदलली. आता तीन प्रश्नांची वेगवेगळी उत्तरे द्यावी लागतात : हा अभ्यासक्रम का निवडला, आतापर्यंतच्या शिक्षणाने त्यासाठी कशी तयारी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय तयारी केली. प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरचिन्हांचे हवे. एकूण मर्यादा मात्र पूर्वीचीच, मोकळ्या जागांसह ४,००० चिन्हांची. लेखात तशी दुरुस्ती केली आहे. एवढेच सांगायचे होते तर ते दोन ओळींत आणि बऱ्या शब्दांत सांगता आले असते.

‘डोस’ हा शब्द मात्र मला लागला, हे लपवीत नाही. अर्ज केला होता का, असे आपण विचारता. केला होता, दोनदा केला. पहिले निवेदन मी मुदतीच्या आदल्या रात्री एका बैठकीत लिहिले आणि मनापासून आलेले आहे म्हणून त्यावर पुन्हा नजरही टाकली नाही. त्यात ‘ध्यास’ आणि ‘उत्कट’ या अर्थाचे शब्द मिळून पाच वेळा आले होते. मी काय वाचले, कुठे अडलो आणि अडल्यावर काय केले, याविषयी एक अक्षर नव्हते. नकार आला. दुसऱ्या वर्षी गुण तेच होते, शिफारसपत्रेही त्याच दोन प्राध्यापकांची होती, बदलले ते निवेदन, आणि प्रवेश मिळाला. एका माणसाच्या अनुभवावरून काही सिद्ध होत नाही, असे आपण आता म्हणाल. न होवो, पण प्रश्न आपण विचारला होता.

आता त्या घासण्यापुसण्याच्या वाक्याकडे येतो, कारण दिसायला शहाणे असलेले ते वाक्य पोरांचे नुकसान करणारे आहे. पहिला खर्डा लिहिणाऱ्याचा स्वतःचा आणि त्यानंतरचा प्रत्येक खर्डा थोडाथोडा परक्याचा, असे आपण गृहीत धरले आहे. मी अकरा वर्षे ओळखीपाळखीच्या मुलांचे खर्डे वाचत आलो आहे (विनामोबदला, हेही ‘डोस’च्या संदर्भात नोंदवून ठेवतो), आणि पहिल्या खर्ड्यात मला बहुतेक वेळा सगळ्यांचा मिळून एकच आवाज ऐकू येतो. ‘लहानपणापासूनच मला या विषयाची आवड होती.’ २००७ साली यूकासने सुमारे ५०,००० निवेदने सॉफ्टवेअरने ताडून पाहिली, तेव्हा आठव्या वर्षी रसायनांचे प्रयोग करताना पायजम्याला भोक पडल्याची हकिकत २३४ अर्जदारांनी लिहिलेली आढळली. इतके पायजमे खरोखर जळाले असतील असे आपल्याला वाटत असेल, तर माझा वाद संपला.

उलट उदाहरण देतो. एका मुलीने पहिल्या खर्ड्यात लिहिले होते, ‘प्रयोगशाळेत काम करताना मला रसायनशास्त्राचे सौंदर्य जाणवले.’ मी समासात एवढेच विचारले : कोणत्या दिवशी? हातात काय होते? दुसऱ्या खर्ड्यात टायट्रेशन आले, म्हणजे रंग बदलेपर्यंत थेंबाथेंबाने द्रावण सोडून मोजण्याचा प्रयोग. चौथ्यात हे आले की शंकुपात्रातला फिका गुलाबी रंग ती ब्युरेटचे (थेंब सोडणाऱ्या मोजनळीचे) वाचन वहीत उतरवेपर्यंत उडून जायचा, ती आणखी थेंब सोडून तो परत आणायची, आणि त्यामुळे तिची तीन वाचने कधीच जुळायची नाहीत. हवेतला कार्बन डायऑक्साइड द्रावणात विरघळून त्याची अल्कधर्मिता उतरवतो आणि फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचा रंग जातो, हे तिने स्वतः शोधले, मग उकळून गार केलेले पाणी वापरून प्रयोग पुन्हा केला. हे सारे पहिल्या दिवसापासून तिच्याजवळ होते, फक्त ते लिहिण्याजोगे आहे असे तिला वाटले नव्हते. कॉमन अ‍ॅपच्या, म्हणजे अमेरिकेतील अनेक विद्यापीठांच्या सामायिक अर्जाच्या, निबंधाला ६५० शब्दांची कमाल मर्यादा असते आणि तिचा चौथा खर्डा हजारापुढे गेला होता, म्हणून आणखी तीन करावे लागले. त्यात माझा म्हणता येईल असा एकच शब्द होता, ‘कुतूहल’. सातव्या खर्ड्यात तिने तो काढून टाकला. आता यातला मार्गदर्शकाचा आवाज आपण मला दाखवून द्यावा.

मार्गदर्शक पुढ्यात वाक्ये लिहून देऊ लागला तर निवेदन त्याचेच होईल, हे मलाही मान्य आहे, आणि मूळ लेखाच्या चौथ्या परिच्छेदात मी तेच लिहिले आहे. तो परिच्छेद आपण वाचला असावा, असे प्रतिक्रियेवरून वाटत नाही.

ज्याला मार्गदर्शक नाही त्याचे काय, हा प्रश्न लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे. ‘कोणत्या दिवशी, हातात काय होते’ हे माणूस स्वतःलाही विचारू शकतो, एवढे म्हणून तो सोडून देतो.

आपली प्रतिक्रिया काढून टाकावी असे दोघांनी सुचवले. ती तशीच ठेवली आहे. दुरुस्तीच्या तळटीपेत ‘एका वाचकाने लक्षात आणून दिल्यावरून’ असे लिहिले आहे. नाव हवे असेल तर कळवा, कारण प्रतिक्रियेखाली आपण ते दिलेले नाही.