हातोडा पडल्यावर

आयपीएलचा लिलाव असला की सांगलीहून धाकट्या भावाचा फोन ठरलेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दात ऋषभ पंतची बोली २७ कोटींवर थांबली, तेव्हा तो फोनवरच ओरडला. मग नेहमीचा वाद : एवढा पैसा बरा की वाईट? तो ऐकताना मला दरवेळी इथला, अमेरिकेतल्या सेंट लुईसचा बेसबॉलपटू कर्ट फ्लड आठवतो.

फ्लड इथल्या कार्डिनल्स संघाचा सेंटर फील्डर. पार मागे, भिंतीपाशी झेल टिपणारा. १२ हंगाम इथे खेळला, उत्तम क्षेत्ररक्षणाची सलग सात गोल्ड ग्लव्ह बक्षिसं, १९६४ आणि १९६७ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलचं विजेतेपद. शेजारचे आजोबा अजून त्याचं फोटोचं कार्ड पाकिटात बाळगतात. कडा झिजून पांढऱ्या पडल्यात. ऑक्टोबर १९६९ मध्ये क्लबने त्याला न विचारता फिलाडेल्फियाच्या संघाला देऊन टाकलं. तेव्हाच्या कलमानुसार करार संपला तरी खेळाडू क्लबच्याच ताब्यात. या कृष्णवर्णीय खेळाडूने बेसबॉलच्या प्रमुखाला, कमिशनरला लिहिलं, की मी खरेदी-विक्रीची वस्तू नाही. वर्षाला ९० हजार डॉलर घेणारा असं बोलतो, हेच अनेकांना खुपलं. मग त्याने खटला भरला. त्यात निवृत्त बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सनने साक्ष दिली. खेळत असलेला एकही खेळाडू कोर्टात फिरकला नाही. १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टात तो ५-३ असा हरला. कारकीर्द आधीच संपली होती : १९७० मध्ये खेळलाच नाही, १९७१ मध्ये वॉशिंग्टनकडून जेमतेम १३ सामने. १९७५ मध्ये लवादाने दुसऱ्या दोन खेळाडूंना त्या कलमातून मोकळं केलं, आणि पुढच्यांना संघ निवडता येऊ लागला.

"दादा, कोटी मिळतात त्याला कसलं दुःख?" भाऊ विचारतो. लिलावाने लहान गावांतल्या पोरांची घरं उभी राहिली, हे मला मान्य आहे. दहा संघ बोली लावतात, मधेच संघ बदलायचा तर खेळाडूची संमती लागते, हेही खरं. फ्लडपेक्षा हे कितीतरी बरं. पण हातोडा पडला की कोणत्या शहरात जायचं, कोणाच्या हाताखाली खेळायचं, ते ठरून जातं. आपण आकड्यावर तासन्‌तास भांडतो, त्या पोराला कुठे खेळायचं होतं ते कोणी विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच : पहिल्यांदा बोली लावा, पण करार पुरा झाला की पुढचा संघ त्याचा त्याला निवडू द्या, परत लिलावात उभं करू नका. भावाला हे अजून पटलेलं नाही.